पू नाही, सूज नाही, तरीही संसर्ग

केमोथेरपीचा डोस होऊन दहा दिवस झालेत. संध्याकाळी अंग जरा कसकसतंय म्हणून थर्मामीटर लावला, तर आकडा 38.3 अंश सेल्सिअस, म्हणजे जवळपास 101 फॅरनहाइट. खोकला नाही, घसा दुखत नाही, लघवीला जळजळ नाही. माणूस नीट बोलतोय, दोन घास जेवलाही आहे. घरातलं कुणीतरी म्हणतं, "आत्ता रात्रीचं कशाला, सकाळी बघू."

म्हणणाऱ्याचं चुकत नाही. एरवी धडधाकट माणसाच्या बाबतीत हा सल्ला अगदी शहाणपणाचा आहे. ताप आला की एक-दोन दिवस वाट बघायची, हे आपण लहानपणापासून शिकलोय. पण ज्याची प्रतिकारशक्ती औषधांनी किंवा आजाराने खचली आहे, त्याच्यासाठी ती एक रात्र जिवावर बेतू शकते. असं का, ते समजून घ्यायचं तर आधी एक साधा प्रश्न विचारावा लागतो. आजारपणाच्या ज्या खुणा आपण ओळखतो, त्या तयार कोण करतं?

जखम लाल होते, सुजते, ठणकते, तिच्यात पू होतो. ही सगळी जंतूंची करणी आहे असं आपल्याला वाटतं. खरं तर यातलं बरंचसं काम आपल्याच पेशींचं असतं. पांढऱ्या पेशींमध्ये न्यूट्रोफिल नावाची एक जात आहे. जंतू घुसले की सर्वात आधी याच पेशी धावून जातात, जंतूंना गिळतात आणि मरतात. त्यांच्या मृत पेशींचा ढीग म्हणजेच पू. न्यूमोनियात एक्स-रेवर जो पांढरा डाग दिसतो, तोही मोठ्या प्रमाणावर त्या जागी गोळा झालेल्या पेशी आणि द्रव यांचाच असतो. लघवीच्या तपासणीत 'पस सेल्स' म्हणून जो आकडा येतो, त्याही याच पेशी.

आता या पेशीच उरल्या नाहीत असं समजा. जंतू फुप्फुसात आहेत, पण एक्स-रे जवळपास स्वच्छ. मूत्रमार्गात संसर्ग आहे, पण लघवीत पस सेल्स नाहीत. शिरेत घातलेल्या नळीच्या तोंडाशी जंतू वाढताहेत, पण तिथली कातडी जेमतेम गुलाबी. घरात चोर शिरलाय आणि भुंकणारं कुत्रंच मेलेलं आहे, अशी ही अवस्था. बहुतेक वेळा एकच खूण शिल्लक राहते, ती म्हणजे ताप. म्हणून अशा रुग्णाचा ताप हे लक्षण न मानता तातडीची वैद्यकीय परिस्थिती मानतात.

प्रतिकारशक्ती खचलेल्या रुग्णांचे संसर्ग हा वैद्यकशास्त्राचा आता एक स्वतंत्र प्रांत झाला आहे. या विषयावर खास परिषदा भरतात आणि तिथे रक्तविकारतज्ज्ञ, प्रत्यारोपण करणारे सर्जन, संसर्गतज्ज्ञ, प्रयोगशाळेत बुरशी ओळखणारे, सीटी स्कॅन वाचणारे, औषधांचे डोस ठरवणारे फार्मसिस्ट आणि परिचारिका एका सभागृहात बसतात. इतक्या वेगवेगळ्या लोकांना एकत्र यावं लागतं, कारण हा रुग्ण कुणा एकाच्या हद्दीत मावत नाही. त्या सभागृहात ज्या गोष्टींवर तासन्‌तास चर्चा होते, त्यातला गाभा रुग्णाला आणि त्याच्या घरच्यांनाही कळला पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. तो कळायला अवघड नाही.

एका आकड्याची गोष्ट

आपली अस्थिमज्जा, म्हणजे बोन मॅरो, रोज सुमारे 100 अब्ज न्यूट्रोफिल तयार करते. संख्या एवढी प्रचंड असते, कारण रक्तात आल्यावर या पेशी फार काळ टिकत नाहीत. केमोथेरपी झपाट्याने विभागणाऱ्या पेशींना मारते. कॅन्सरच्या पेशी झपाट्याने विभागतात, पण मॅरोतल्याही तशाच विभागतात. कारखाना थंडावला की साठा लगेच आटतो. बहुतेक औषधांनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान हा आकडा तळाला जातो. डोस घेऊन घरी आलेला माणूस आठवडाभर ठीक असतो, उलट्या थांबलेल्या असतात, घरचे निश्वास टाकतात, आणि नेमका तेव्हाच तो सर्वात उघडा पडलेला असतो.

रक्ताच्या प्रत्येक मायक्रोलिटरमध्ये न्यूट्रोफिल 1500 पेक्षा कमी झाले की त्याला न्यूट्रोपेनिया म्हणतात. 500 च्या खाली गेले की धोका गंभीर, 100 च्या खाली गेले की अतिगंभीर. हे टप्पे कुणी अंदाजाने ठरवलेले नाहीत. 1966 साली अमेरिकेत जेराल्ड बोडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीव्र ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरच्या, 52 रुग्णांच्या रोजच्या रक्ततपासण्या आणि त्यांना झालेले संसर्ग एकमेकांशी ताडून पाहिले. पेशी जितक्या कमी, तितके संसर्ग जास्त, हे त्यातून दिसलं. पण त्याहून मोलाची गोष्ट अशी दिसली की पेशी किती दिवस कमी राहतात, यावरही तितकंच अवलंबून असतं. तीन-चार दिवसांचा खड्डा आणि तीन आठवड्यांचा खड्डा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आठवडाभरात आकडा वर येणार असेल तर भीती मुख्यतः जिवाणूंची. तो लांबला की बुरशी येते.

त्या काळात ताप आलेल्या रुग्णाला आधी तपासायचं, कल्चरचा अहवाल यायची वाट बघायची आणि मग औषध द्यायचं, अशी पद्धत होती. कल्चर म्हणजे रक्तातले जंतू बाटलीत वाढवून ओळखणं. त्याला दोन-तीन दिवस लागतात. स्यूडोमोनाससारखा जिवाणू रक्तात उतरला तर अनेक रुग्णांकडे तेवढे दिवस नसत. 1971 साली स्टीफन शिम्फ आणि सहकाऱ्यांनी हा क्रम उलटा करून दाखवला. जंतू कोणता आहे हे कळण्याआधीच दोन प्रभावी अँटिबायोटिक सुरू करायची आणि तपास मागाहून करायचा. आज जगभर हीच रीत आहे. रक्ताचे नमुने घ्यायचे आणि रुग्ण दारात आल्यापासून एका तासाच्या आत अँटिबायोटिकचा पहिला डोस शिरेतून द्यायचा, हे ध्येय ठरलेलं आहे.

त्यासाठी तापाची व्याख्याही नेमकी केलेली आहे. तोंडात एकदा मोजल्यावर 38.3 किंवा त्याहून जास्त, अथवा 38.0 किंवा त्याहून जास्त ताप तासभर टिकला, तर तो ताप. म्हणजे 101 किंवा 100.4 फॅरनहाइट. तुमच्या डॉक्टरांनी याहून कमी आकडा सांगितला असेल तर तोच पाळा. काही जण, विशेषतः वयस्कर किंवा स्टिरॉइड घेणारे, संसर्ग होऊनही तापत नाहीत. त्यांना नुसती थंडी वाजते, गळून गेल्यासारखं होतं किंवा बोलण्यात गोंधळ येतो. तेही तितकंच गंभीर धरायचं.

इथे घरात हमखास होणाऱ्या चुका सांगायलाच हव्यात. पहिली म्हणजे ताप मोजण्याआधी पॅरासिटामॉल देणं. एकमेव खूण उरली होती, ती आपणच पुसून टाकतो. दुसरी, गुदद्वारात थर्मामीटर लावणं किंवा एनिमा देणं. तिथली नाजूक त्वचा जराशी खरचटली तरी आतड्यातल्या जंतूंना रक्तात जायला वाट मिळते. आणि तिसरी, रुग्णालयात पोचल्यावर नुसतं "ताप आलाय" एवढंच सांगून रांगेत बसणं. "केमो चालू आहे, अमुक तारखेला डोस झाला आणि आता ताप आहे" हे वाक्य पहिल्या माणसाला, पहिल्याच क्षणी सांगायचं. समोरून दिसायला बरा वाटणारा रुग्ण तपासणीच्या रांगेत मागे पडतो, आणि या आजारात माणूस बराच वेळ बराच दिसतो.

हे जंतू येतात कुठून, असा प्रश्न साहजिक आहे. बाहेरून, इतरांकडून, असं गृहीत धरून घरचे रुग्णाला कोंडून ठेवतात. प्रत्यक्षात यातले पुष्कळसे जंतू रुग्णाच्याच आतड्यात, तोंडात आणि कातडीवर आधीपासून राहत असतात. केमोथेरपीने तोंडाचं आणि आतड्याचं अस्तर सोलवटतं, आणि वर्षानुवर्षं गुण्यागोविंदाने राहणारे हे जंतू त्या फटींतून रक्तात उतरतात. म्हणूनच "कच्चं काहीच नको" अशा अतिकडक पथ्याची तुलना जेव्हा नीट चाचण्यांमध्ये साध्या स्वच्छ, सुरक्षित आहाराशी केली गेली, तेव्हा कडक पथ्याने संसर्ग कमी झाल्याचं दिसलं नाही. अन्न ताजं, नीट धुतलेलं, नीट शिजवलेलं हवंच. पण आधीच अन्नावरची वासना उडालेल्या माणसाच्या ताटातून एकेक पदार्थ काढून घेताना हे लक्षात ठेवावं.

कुठला पहारा उठला आहे?

"माझी प्रतिकारशक्ती कमी आहे" हे वाक्य डॉक्टरांच्या दृष्टीने अर्धवट आहे. त्यांचा पुढचा प्रश्न असतो, कोणती? गावाला तटबंदी असते, वेशीवर पहारेकरी असतात, आत गस्त घालणारे असतात आणि ओळखीचे चोर लक्षात ठेवणारा एखादा म्हाताराही असतो. यातलं कोण गैरहजर आहे, त्यावर कोणता चोर येणार हे ठरतं.

न्यूट्रोफिल गेले की आतड्यातले जिवाणू, कँडिडा आणि अ‍ॅस्परजिलस या बुरशी. बी पेशी ही पांढऱ्या पेशींची दुसरी जात. त्या आणि त्यांनी बनवलेली प्रतिपिंडं म्हणजे अँटिबॉडी कमी असल्या की न्यूमोकॉकससारखे जिवाणू, पुन्हा पुन्हा होणारे सायनसचे आणि छातीचे संसर्ग. प्लीहा म्हणजे पाणथरी काढून टाकली असेल तर न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस आणि हिमोफिलस. प्लीहा रक्त गाळून या जंतूंना बाजूला काढत असते. ती नसली की सकाळी ताप आलेला माणूस रात्रीपर्यंत अत्यवस्थ होऊ शकतो, आणि ही जोखीम शस्त्रक्रियेनंतर कितीही वर्षांनी उरतेच. त्यामुळे ठरवून शस्त्रक्रिया करायची असेल तर या जंतूंविरुद्धच्या लसी किमान दोन आठवडे आधी देतात. लहानपणी अपघातात प्लीहा काढलेल्या आणि ते जवळजवळ विसरून गेलेल्या माणसांची मला जास्त काळजी वाटते.

टी पेशी ही पांढऱ्या पेशींचीच तिसरी जात गेली तर मात्र यादीच वेगळी होते. क्षयरोग, नागीण, सायटोमेगॅलोव्हायरस, क्रिप्टोकॉकस, टोक्सोप्लाझ्मा, न्यूमोसिस्टिस. यातले बहुतेक जंतू पूर्वीच कधीतरी शरीरात शिरून गपचूप बसलेले असतात. टी पेशींचं काम त्यांना तसंच दाबून ठेवण्याचं.

या यादीमुळे एक संपूर्ण आजार जगासमोर आला. न्यूमोसिस्टिसच्या न्यूमोनियावर पेंटामिडिन नावाचं औषध होतं, आणि ते इतकं क्वचित लागायचं की अमेरिकेत ते फक्त सीडीसी या सरकारी संस्थेकडून मिळे. 1981 साली तिथे या औषधाच्या मागण्या हाताळणाऱ्या सँड्रा फोर्ड यांच्या लक्षात आलं की मागण्या अचानक वाढल्या आहेत आणि रुग्ण तरुण पुरुष आहेत, ज्यांची प्रतिकारशक्ती कमी असण्याचं कुठलंही माहीत कारण नाही. त्यांनी ते वरिष्ठांना कळवलं. 5 जून 1981 रोजी लॉस एंजेलिसमधल्या अशा पाच तरुणांची नोंद सीडीसीच्या साप्ताहिकात छापून आली. एड्सची ती पहिली अधिकृत नोंद. चोर ओळखीचा होता, त्यावरून कोणता पहारा उठला आहे हे कळलं. एचआयव्ही हा विषाणू टी पेशींमधल्या सीडी4 या पेशींनाच मारतो, हे त्यानंतर उलगडलं.

सीडी4 चा आकडा आजही या रुग्णांचा नकाशा आहे. रक्ताच्या दर मायक्रोलिटरमागे तो 200 च्या खाली गेला की न्यूमोसिस्टिसचा धोका, 100 च्या खाली गेला की क्रिप्टोकॉकस आणि टोक्सोप्लाझ्मा मेंदूत उतरण्याचा, 50 च्या खाली गेला की सायटोमेगॅलोव्हायरसमुळे दृष्टी जाण्याचा. न्यूमोसिस्टिससाठी को-ट्रायमोक्साझोल ही जुनी, स्वस्त गोळी आधीपासून घेतली तर आजार बहुतांशी टळतो. एवढ्या साध्या गोळीने इतके जीव वाचल्याची उदाहरणं वैद्यकशास्त्रात कमीच सापडतील.

न्यूमोसिस्टिसची आणखी एक हकिगत सांगण्याजोगी आहे. कित्येक दशकं त्याला एकपेशीय परजीवी समजत होते. 1988 साली त्याच्या आरएनएची जुळणी केल्यावर कळलं की ही बुरशी आहे. पण नेहमीच्या बुरशींच्या आवरणात असतं ते एर्गोस्टेरॉल तिच्यात नसतं, म्हणून बुरशीवरची नेहमीची पुष्कळ औषधं तिच्यावर चालत नाहीत. रुग्णाचा एक्स-रे कधी कधी जवळपास नेहमीसारखा असतो. बसल्या जागी ऑक्सिजनही ठीक दाखवतो. त्याला चार पावलं चालवलं की आकडा घसरतो. पुन्हा तेच, खूण शोधावी लागते.

प्रत्यारोपणाचं वेळापत्रक

1954 साली बोस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी पहिलं यशस्वी मूत्रपिंड प्रत्यारोपण केलं, तेव्हा देणारा आणि घेणारा एकसारखे जुळे भाऊ होते. शरीराने मूत्रपिंड परकं मानलंच नाही. बाकीच्यांना जुळा भाऊ कुठून आणायचा? परका अवयव शरीराने झिडकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबावी लागते. नॉर्वेतल्या एका पठाराच्या मातीत सापडलेल्या बुरशीपासून सायक्लोस्पोरिन हे औषध निघालं आणि 1980 च्या दशकात प्रत्यारोपणाचं चित्र पालटलं. हे औषध नेमकं टी पेशींना आवरतं. म्हणजे वरची यादी इथेही लागू झाली, फक्त यावेळी पहारा आपणच उठवला.

रॉबर्ट रुबिन यांनी एक गोष्ट हेरली, की प्रत्यारोपणानंतरचे संसर्ग एका ठरावीक क्रमाने येतात. पहिल्या महिन्यात शस्त्रक्रियेशी आणि रुग्णालयाशी जोडलेले, म्हणजे जखम, नळ्या, छाती. पहिल्या ते सहाव्या महिन्यापर्यंत औषधांचा जोर सर्वाधिक असतो, तेव्हा दबा धरून बसलेले विषाणू, न्यूमोसिस्टिस, बुरशी. त्यानंतर औषधं कमी होत जातात आणि बहुतेकांना इतर सर्वांना होतात तेच संसर्ग होतात, फक्त जरा जोरात. आता प्रतिबंधक गोळ्यांमुळे हे वेळापत्रक पुढे सरकलंय, पण तापाकडे बघताना डॉक्टर आधी विचारतात तो प्रश्न तोच आहे, ऑपरेशन होऊन किती दिवस झाले?

यातला सर्वात चिवट म्हणजे सायटोमेगॅलोव्हायरस. जगातल्या बहुसंख्य प्रौढांच्या शरीरात तो असतो आणि त्यांना त्याची गंधवार्ताही नसते. देणाऱ्याच्या अवयवात तो असेल आणि घेणाऱ्याला पूर्वी कधीच झाला नसेल, तर धोका सर्वात जास्त. मूत्रपिंडासोबत विषाणूही आला, आणि त्याला ओळखणारी एकही टी पेशी या शरीरात नाही. अशा जोडीला काही महिने विषाणूविरोधी गोळी देतात किंवा ठरावीक दिवसांनी रक्तात त्याचं प्रमाण मोजत राहतात.

बाहेरून कितीही पहारा ठेवला तरी आतून काय येईल हे सांगता येत नाही, हे ह्यूस्टनच्या डेव्हिड व्हेटरच्या आयुष्याने फार क्रूरपणे दाखवलं. 1971 मध्ये जन्मलेल्या या मुलात जन्मतःच प्रतिकारशक्ती जवळजवळ नव्हती. त्याला जंतुरहित प्लॅस्टिकच्या कक्षात वाढवलं गेलं. बारा वर्षं तो त्या पडद्याआड जगला. 1983 मध्ये त्याला बहिणीची अस्थिमज्जा दिली. त्या मज्जेत एपस्टीन-बार नावाचा विषाणू सुप्त होता. बहिणीला त्याचा काहीच त्रास नव्हता. डेव्हिडमध्ये त्याने कॅन्सर निर्माण केला आणि फेब्रुवारी 1984 मध्ये तो गेला. आज अशा बाळांचं निदान अनेक ठिकाणी जन्मानंतर लगेच होतं आणि पहिल्या काही महिन्यांतच मज्जा देऊन त्यातली बहुतेक जगतात.

गोळी सुरू करण्याआधी

कॅन्सर आणि प्रत्यारोपणाचे रुग्ण निदान सावध तरी असतात. संधिवात, सोरायसिस, आतड्याचा दाह यांसाठी औषधं घेणाऱ्यांना आपणही याच वर्गात आलो आहोत हे पुष्कळदा कुणी सांगितलेलं नसतं.

क्षयाच्या जंतूभोवती शरीर पेशींची एक कोठडी बांधतं आणि जंतूला तिथे वर्षानुवर्षं डांबून ठेवतं. जगातल्या सुमारे एक चतुर्थांश लोकांना क्षयाच्या जंतूचा संसर्ग होऊन गेलेला आहे. कोठडीच्या भिंती टिकवायला टीएनएफ नावाचं एक रसायन लागतं. संधिवातात सांध्यांचं नुकसान करणारंही हेच रसायन, म्हणून ते अडवणारी इंजेक्शनं आली आणि खुरडत चालणारी माणसं उभी राहिली. मग 2001 मध्ये इन्फ्लिक्सिमॅब या औषधानंतर क्षय झालेल्या 70 रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध झाला. निम्म्याहून अधिक जणांत क्षय फुप्फुसाबाहेर पसरलेला होता. कोठडीची भिंतच ढासळली होती. तेव्हापासून हे औषध देण्याआधी सुप्त क्षयाची तपासणी करतात आणि तो सापडला तर आधी त्यावर उपचार सुरू करतात.

हेपॅटायटिस बीचंही असंच. कित्येक वर्षांपूर्वी होऊन गेलेली कावीळ, तिचा विषाणू यकृतात झोपलेला. बी पेशी नष्ट करणारं रिटुक्सिमॅब दिलं की तो उठतो आणि यकृत निकामी करू शकतो. एका साध्या रक्ततपासणीने हा धोका आधी कळतो, आणि कळला तर गोळीने टाळता येतो. ही तपासणी राहून जाणं मला अक्षम्य वाटतं.

आणि स्टिरॉइड. स्वस्त, सर्वत्र मिळणारं, झटपट आराम देणारं. प्रेडनिसोलोन रोज 20 मिलिग्रॅम महिनाभर किंवा त्याहून जास्त चालणार असेल तर न्यूमोसिस्टिसचा विचार करावा लागतो. मधुमेह बेताल असताना स्टिरॉइडचा मारा झाला तर काय होतं, ते 2021 मध्ये कोविडच्या लाटेत म्युकर या बुरशीने दाखवलं. लोकांनी तिला काळी बुरशी म्हटलं, पण काळी पडते ती मेलेली ऊती. ही बुरशी रक्तवाहिन्यांत शिरून रक्तपुरवठा तोडते. आणखी एक कमी माहीत असलेला धोका म्हणजे स्ट्राँगिलॉइडिस हा जंत. अनवाणी पायातून तो मातीतून शरीरात येतो आणि आतच पिढ्या वाढवत दशकानुदशकं राहतो. दुसऱ्या महायुद्धात थायलंड-ब्रह्मदेश रेल्वेवर राबवलेल्या युद्धकैद्यांमध्ये कित्येक दशकांनंतर तो सापडला. स्टिरॉइड सुरू झालं की त्याच्या अळ्या बेसुमार वाढतात, आतडं भेदून बाहेर पडतात आणि सोबत आतड्यातले जिवाणू रक्तात नेतात. आयव्हरमेक्टिन या जंतनाशकाच्या एक-दोन डोसांनी आधीच टळू शकणारा मृत्यू आहे हा.

लसींबद्दल घरोघरी गोंधळ असतो, म्हणून थोडक्यात. गोवर, कांजिण्या यांच्या लसींत जिवंत पण कमजोर केलेला विषाणू असतो. प्रतिकारशक्ती खूप दाबलेली असताना या लसी टाळतात. फ्लू, न्यूमोकॉकस, हेपॅटायटिस बी यांच्या निर्जीव लसी चालतात. त्यांचा परिणाम कमी होऊ शकतो, म्हणून शक्य तेव्हा औषध सुरू होण्याआधी घ्याव्यात. घरच्या बाकीच्यांनी आपल्या लसी पूर्ण ठेवल्या तर रुग्णाभोवती एक कडं तयार होतं. तोंडावाटे देण्याची पोलिओ लस मात्र त्या घरात टाळतात, कारण तिचा विषाणू लस दिलेल्या बाळाच्या शौचावाटे बाहेर पडत राहतो.

बुरशीचं अवघड प्रकरण

जिवाणू आपल्यापेक्षा इतके वेगळे आहेत की त्यांना मारताना आपल्या पेशींना धक्का न लावणं तुलनेने सोपं असतं. बुरशीची पेशी मात्र रचनेने आपल्याच पेशीच्या जवळची. तिला मारणारं बरंच काही आपल्यालाही मारतं. म्हणून अँटिबायोटिकची रांग लांबलचक आणि बुरशीविरोधी औषधांचे गट मात्र मोजके. 1950 च्या दशकातलं अ‍ॅम्फोटेरिसिन बी बुरशीच्या आवरणातल्या एर्गोस्टेरॉलला पकडून तिला भोकं पाडतं. पण आपलं कोलेस्टेरॉल एर्गोस्टेरॉलचाच चुलतभाऊ, त्यामुळे रुग्णाला हुडहुडी भरते, ताप चढतो, मूत्रपिंडं बिघडतात. 2002 मध्ये अ‍ॅस्परजिलसच्या गंभीर संसर्गात व्होरिकोनाझोल त्याहून सरस ठरलं आणि जास्त रुग्ण जगले. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पहिल्यांदाच घातक बुरशींची यादी केली. तिच्यात 19 नावं आहेत आणि सर्वात वरच्या गटात चार. त्यातली कँडिडा ऑरिस 2009 मध्ये जपानमध्ये एका रुग्णाच्या कानातून पहिल्यांदा ओळखली गेली. आज ती जगभरच्या रुग्णालयांत आहे आणि तिचे काही प्रकार एकाहून अधिक गटांच्या औषधांना दाद देत नाहीत.

अ‍ॅस्परजिलसचे बीजाणू दोन-तीन मायक्रॉनचे. आपण सगळेच रोज ते श्वासातून आत घेतो. जुनी भिंत पाडली, खोदकाम झालं की हवेत ते वाढतात. म्हणून मज्जा प्रत्यारोपणाच्या खोल्यांत हवेतले सूक्ष्म कण गाळणारे हेपा फिल्टर लावतात आणि रुग्णालयात बांधकाम निघालं की संसर्ग नियंत्रणाचे लोक अस्वस्थ होतात. रक्ताच्या कल्चरमध्ये ही बुरशी सहसा उगवत नाही. म्हणून रक्तात तिच्या भिंतीचा अंश, गॅलॅक्टोमॅनन, शोधतात आणि लवकर सीटी स्कॅन करतात.

परिषदांमध्ये सर्वात रंगणारे वाद मात्र औषध केव्हा थांबवायचं याभोवती असतात. पूर्वी न्यूट्रोफिल वर येईपर्यंत अँटिबायोटिक चालूच ठेवत. पण जास्त दिवसांच्या औषधाने आतड्यातले निरुपद्रवी जंतू मरतात आणि औषधांना न जुमानणारे उरतात, तेच पुढच्या वेळी रक्तात येतात. 2017 मध्ये स्पेनमधल्या एका चाचणीत ताप जाऊन 72 तास झालेल्या आणि प्रकृती ठीक असलेल्या रुग्णांचं अँटिबायोटिक आकडा वर येण्याआधीच थांबवलं, आणि त्यांचं त्यामुळे बिघडलं नाही. भीतीपोटी औषध चालू ठेवणं सोपं असतं. ते थांबवायला रोज उठून रुग्णाकडे नीट बघणारा माणूस लागतो.

न्यूट्रोफिल परत येतात तेव्हाची अवस्थाही समजून घ्यायला हवी, कारण ती बघून घरचे घाबरतात. दोन-तीन आठवडे शून्याच्या आसपास असलेला आकडा चढू लागतो. सगळ्यांना हायसं वाटतं, आणि नेमका त्याच दिवशी खोकला वाढतो, छातीत दुखतं, नळीच्या तोंडाशी लाली आणि सूज येते. पळालेले पहारेकरी परतलेत आणि आत घुसलेल्यांशी त्यांची आता कुठे झटापट सुरू झाली आहे. एचआयव्हीचे उपचार सुरू केल्यावर काही आठवड्यांत सुप्त क्षय असा उफाळून दिसतो, त्यामागेही हेच. औषध लागू पडत नाही असं समजून ते बदलण्याची घाई इथे होऊ शकते, आणि म्हणून अनुभवी डॉक्टर आधी रक्ताचा आकडा विचारतात.

फुप्फुसातल्या अ‍ॅस्परजिलसमध्ये हा बदल चित्रातच दिसतो. सुरुवातीच्या सीटी स्कॅनमध्ये एका गाठीभोवती पुसट कडं असतं, चंद्राला खळं पडल्यासारखं. ते बुरशीने फोडलेल्या रक्तवाहिन्यांतून पाझरलेलं रक्त. उपचार बरोबर चालू असले तरी पहिला आठवडा-दहा दिवस ही गाठ मोठी होत जाते. मग न्यूट्रोफिल परततात, मेलेला भाग कडेपासून सुटू लागतो, मधल्या फटीत हवा शिरते आणि पडद्यावर काळी चंद्रकोर उमटते. या काळात थुंकीतून रक्त येण्याचा धोका असतो, म्हणून रुग्णाला नजरेखाली ठेवतात. पण ती कोर दिसली की स्कॅन वाचणारा फोन उचलून वॉर्डात विचारतो, "पेशी आल्या का?"